यांच्या टोपीचा धडा

मी रायपुरातल्या मास्तरांना लिहायला शिकवलं, त्याचा परिणाम माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर झाला.

शिक्षकांच्या लेखन-प्रशिक्षणात मला मार्गदर्शक नेमलं होतं. (इतकी वर्षं पोरांकडून ‘गाय’ लिहून घेतल्याचं हे बक्षीस!) पहिल्याच दिवशी मी ठणकावलं, मास्तरानं आधी स्वतः लिहायचं, घरचं अन् खरं लिहायचं. पोरांच्या पहिल्या लिखाणावर लाल पेन तर फिरवायचाच नाही. सगळ्यांनी ‘हव, हव’ करत माना डोलावल्या, पण कोणी एक ओळ लिहीना. शेवटी एक दीदी म्हणाल्या, “म्याडम, एखादा नमुना तरी देऊन द्या.”

दिला! फळाभर लिहिला. इथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात काम करणारे एक पापा भाच्याच्या लग्नाआधी केसांना मेंदी लावतात अन् तसेच झोपून जातात. उठतात तर डोकं संत्र्यासारखं! मग भर मे महिन्यात लग्नात लोकरीची टोपी, अन् कोणी विचारलं की डॉक्टरचं नाव पुढे. आता हे पापा म्हणजे आमचे हेच. टोपीखालचं कोणाला सांगणार नाही, अशी यांनी माझ्याकडून शपथ घेतली होती. पण फळ्यावर नाव कुठं होतं? शपथ शाबूत आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आम्हा मास्तरांची खोड अशी, की फळ्यावर दिसलं ते उतरवायचं. त्यांनी उतरवलं, आपापल्या शाळेत जाऊन फळ्यावर लिहिलं. पोरांनी तिथून उतरवलं.

समारोपाला पोरांचं वाचन होतं. पालक आले, मोठे साहेब आले, अन् बायकोचं कौतुक पाहायला इस्त्रीचा शर्ट घालून हेही आले. भनपुरीच्या शाळेतल्या एका पोट्टीनं वाचलं. पापा, मेंदी, टोपी. आपल्यासारखा आणखी कोणी भेटला, म्हणून हे खळखळून हसले. मग एक पोट्टा उठला. पापा, मेंदी, टोपी. हे जरा कमी हसले. त्यानंतरच्या पोरीनंही तेच वाचलं, अन् तिचे वडील समोरच बसले होते, त्यांच्या डोक्यावर तर केसच नव्हते! तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

साहेबांनी विचारलं, “मैडम, सबके पापा एक ही फैक्टरी में हैं क्या?”

प्रशिक्षण तर गेलंच, आता संसारही जातो की काय! तेवढ्यात हे उठले.

“सर, पापा एक ही है. मैं हूँ.”

अन् त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. नवरदेवाचा मामा म्हणून फेटा बांधायची वेळ आली तेव्हा टोपी काढायची सोय नव्हती, म्हणून टोपीवरच फेटा बांधून घेतला. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो डोंगर घसरत नाकावर आला. अक्षता टाकल्या त्या नवरदेवाला सोडून भटजींवर! साहेब डोळे पुसत हसले. ते टकलू वडील उठून आपली फजिती सांगू लागले. मग पोरं कुठली थांबतात? ‘मेरे पापा भी, मेरे पापा भी’ करत जो तो आपल्या घरचं सांगू लागला, अन् मास्तर भराभर लिहून घेऊ लागले. मला जमलं नव्हतं ते यांनी पाच मिनिटांत केलं.

घरी पोचल्यावर मी म्हटलं, “अहो, चुकलंच माझं. शपथ मोडली.”

“सांगितलं त्याचं काही नाही,” हे म्हणाले. “पण फेटा काहून सोडला? मजा तर तिथंच होती. सांगायचंच होतं, तर नीट तरी सांगायचं!”

तेव्हापासून मी काही लिहिलं की हे चष्मा लावून बसतात. हा लेखही त्यांनी तपासला. लाल पेनानं. खाली शेरा आहे, ‘प्रयत्न बरा.’