नऊ नंबरची डिस्क

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की तिथे विज्ञानानेही हात जोडावेत... माझ्या आयुष्यात तो खंडेनवमीच्या दुपारी, नाशकात, सातपूरच्या एका कारखान्यात आला. मला मात्र हात जोडता आले नाहीत. एका हातात वायर होती.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या बॅकअपवरही नव्हता — तो रोज घेतला जायचा, पण उघडून कुणी पाहिला नव्हता. सगळ्या लेथ मशीनचे प्रोग्रॅम एकाच जुन्या युनिक्स सर्व्हरवर. तो उठला नाही तर कारखाना ठप्प, आणि जबाबदार मी.

आमचे प्लांट हेड क्षीरसागर साहेब म्हणाले, शस्त्रं विश्रांती घेतात, मग सर्व्हरने का नाही? वर्षानुवर्षं न थांबलेलं मशीन पूजेसाठी बंद करायचं ठरलं. बंद करण्याआधी, पुढच्या वेळी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते सांगणारी कमांड मी दिली. 0 च्या जागी शेजारचा 9 दाबला गेला. मशीनमध्ये डिस्क दोनच — शून्य आणि एक.

पूजा थाटात झाली. निरांजन विझू नये म्हणून एसी बंद. सर्व्हरच्या पंख्यासमोर झेंडूचा हार. गुरुजींनी तीर्थ शिंपडलं, त्यातलं बरंचसं कीबोर्डवर.

मशीन सुरू केलं. स्क्रीनवर आलं : नऊ नंबरची डिस्क सापडत नाही. एक ओळ नीट टाइप केली की काम झालं असतं. पण कीबोर्ड मेला होता, आणि त्या जातीचा दुसरा अख्ख्या नाशकात नव्हता. दोनदा बंद-चालू केलं. तेच.

बाहेर सेकंड शिफ्ट खोळंबलेली. साहेबांनी दारातून विचारलं, "काय हो, उठला का तुमचा देव?"

शेवटचा उपाय म्हणून सर्व्हरची वायरच सॉकेटमधून काढली. त्याचे दिवे विझले. आवाज थांबला. खोलीत वारा नव्हता.

आणि हार हलायला लागला.

आधी एक पाकळी, मग सगळा हार — पंखा चालू असताना हलतो तसा. मी हात पुढे केला. गरम हवा लागली. स्क्रीनचा प्लग वेगळा होता, त्यामुळे स्क्रीन चालूच होता. त्यावर ओळी सरकू लागल्या. नऊ नंबरची डिस्क सापडली. तिच्यावरून मशीन सुरू होत होतं... 

प्रसादाचं ताट घेऊन आलेल्या स्टोअर्सच्या सुषमाताई दारातच थबकल्या. अगदी हळू म्हणाल्या, "सर, वायर तुमच्या हातात आहे."

ती सॉकेटमध्ये परत खोचताना माझा नेमच लागेना, ताईंनी मनगट धरलं तेव्हा कुठे जमलं. बाहेर लेथ सुरू झाल्या. साहेब म्हणाले, पूजा मनापासून झाली की असंच होतं.

पुढे पुण्याहून कीबोर्ड आला. मी तपासलं. डिस्क दोनच आहेत. सेटिंगमध्ये अजून 9 आहे. दुरुस्त करायला चार अक्षरंही लागणार नाहीत, पण बोट पुढे होत नाही. नुसतं जवळ नेलं तरी तळव्याला ती गरम हवा आठवते. जाणकारांना विचारलं, सगळे म्हणतात, असं होऊ शकत नाही. ते मलाही माहीत आहे.

सर्व्हर त्यानंतर आम्ही बंद केलेला नाही. खंडेनवमीचा हार आता प्रिंटरला घालतात.