मेलेली सीट

गुणाजी तांडेलचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते त्याला उठवत नसे. तो उठून त्याला चावी द्यायचा, एवढाच दोघांचा संबंध. मग कावड खांद्यावर घेऊन विहिरीच्या चार खेपा. पहिल्या खेपेला जो वेग, तोच चौथीला. पहिल्या खेपेला धावणारा माणूस चौथीला पाणी सांडतो, असं तो म्हणायचा, आणि त्याच्या अंगणात पाण्याचा थेंब दिसत नसे.

साल शहाऐंशी. कोपर गावातून सायकलने डोंबिवली, तिथून लोकलने कल्याण, कल्याणहून आंबिवली. तिकडच्या बाजूला एका कारखान्यात तो खलाशी होता. खलाशी म्हटलं की गावातल्या म्हाताऱ्यांना बोट आठवायची. गुणाजीचा बाप खरोखर होडीवरचा, खाडीत मासे मारणारा. कारखान्यातला खलाशी वेगळा. जड वस्तू उचलायची, हलवायची आणि सांगितल्या जागी बसवायची, हे त्याचं काम. दोन टनांचा पंप चेनकुप्पीला, म्हणजे साखळीच्या कप्पीला, टांगून तो असा खाली आणायचा की खाली ठेवलेल्या बिडीच्या बंडलाला धक्का लागू नये.

हे काम त्याला महिपत मुकादमानं शिकवलं. कारखान्यात लागण्याआधी गुणाजी एका कंत्राटदाराच्या टोळीत होता, तेव्हाची गोष्ट. महिपत फार बोलत नसे. त्याचा एक नियम होता. ज्या दोराला, साखळीला एकदा झटका बसला, ती मेली. वरून कितीही धडधाकट दिसो, तिच्यावर पुन्हा ओझं टांगायचं नाही. आणि नुसती फेकायचीही नाही. छिन्नी-हातोड्यानं तोडून दोन तुकडे करायचे, मगच भंगारात.

"तोडायची कशाला?" गुणाजीनं एकदा विचारलं होतं.

"फेकलेला दोर कोणीतरी उचलतो," महिपत म्हणाला. "त्याला झटक्याची गोष्ट माहीत नसते."

गुणाजीला वाटलं, म्हातारा अती करतो. मग एके दिवशी तोडायचा राहिलेला एक दोर दुसऱ्या टोळीनं उचलून वापरला. गुणाजी पाणी प्यायला बाजूला गेला होता. परत आला तेव्हा तो जिथे उभा असायचा तिथे लोखंडी टाकी पडलेली होती. त्या दिवसापासून त्यानं प्रश्न विचारला नाही.

घरी बायको मंजुळा आणि मुलगी नीला. नीला साडेपाच वर्षांची, पहिलीत. शाळा दुपारची. अकराच्या सुमाराला मंजुळा मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघायची, तेव्हा नीला तिचं बोट धरून शाळेपर्यंत जायची. येताना मात्र बापाची सायकल. पहिली पाळी करून गुणाजी साडेचारला घरी येई, हातपाय धुई, आणि साडेपाचला शाळेच्या फाटकाशी उभा राही. सायकलच्या दांडीवर छोटी लोखंडी सीट होती, लाल रेक्झिनची गादी, पुढे धरायला कडं. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या बोनसातून घेतलेली. नीला तीत बसून घंटी वाजवायची. रस्ता मोकळा असला तरी वाजवायची.

गणपती विसर्जन होऊन चारपाच दिवस झाले होते. शाळेजवळच्या अरुंद रस्त्यावर गुणाजी नीलाला सीटमध्ये बसवून, एक पाय जमिनीवर टेकून थांबला होता. पुढे एक पांढरी मोटार उभी होती. ती अचानक मागे आली. फार जोरात नाही. पण सायकल कलंडली आणि सीटचं कडं शाळेच्या भिंतीवर आपटलं. गुणाजीनं नीलाला वरच्या वर उचललं. तिला ओरखडाही आला नाही. दप्तर पडलं आणि पाटी फुटली, म्हणून ती रडली.

मोटारवाला उतरला. भला माणूस होता. नीलाच्या डोक्यावरून हात फिरवला, सायकल उभी करून दिली, सीट हलवून पाहिली.

"काही झालं नाही हो. सीट ठणठणीत आहे."

गुणाजीनं त्याच्याकडे पाहिलं, मग सीटकडे. लाल गादीवर थोडी भिंतीची पांढरी भुकटी. बाकी काही नाही. नीलाला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत घरी आला.

त्या संध्याकाळी त्यानं सीट सोडवून अंगणात ठेवली आणि शेजारच्या फिटरकडून लोखंड कापायची करवत आणली. मंजुळा बाजारातून आली होती.

"काय करताव?"

"सीट कापतो."

"डोकं ठिकाणावर हाय ना? वरीस नाय झाला घेऊन."

"झटका बसलाय."

"सीटला का तुमाला?"

एवढ्यात रंभा आली. रंभा शेजारीण. ती आणि मंजुळा रोज बरोबर बाजाराला जायच्या, एकीच्या शेजारी एक बसायच्या. भरलेली टोपली एकटीला डोक्यावर घेता येत नाही. आधी मंजुळा वाकायची, रंभा उचलून द्यायची. मग रंभा तिच्या टोपलीखाली गुडघा टेकायची आणि मंजुळा, डोक्यावरचं ओझं न हलवता, एका हातानं हातभार लावायची. सात वर्षं हे चाललं होतं. रंभाचा नवरा परशुराम रेतीच्या बोटीवर, पंधरा पंधरा दिवस घरी नसायचा. त्यानं जुनी सायकल घेतली होती, आणि त्यांची रतन तीन वर्षांची होती. ती या वेळी रंभाच्या कडेवर होती.

"फेकताव तर मना द्या ना भावोजी," रंभा म्हणाली. "रतनला व्हईल."

"नाय."

"का? नवी कोरी दिसते."

गुणाजीनं मान वर केली नाही. करवतीचं पातं आवळत होता. कामावर जसं बोलतात तसं बोलला.

"नको नेऊस. मेलीय ती."

रंभानं रतनचं डोकं हातानं झाकलं, वळली आणि गेली.

"काय झालं तिला?" गुणाजीनं विचारलं.

मंजुळा त्याच्याकडे बघतच राहिली. "दिवेलागणीला बाई पोर कडेवर घेऊन दारात येते, पोरीसाठी वस्तू मागते, आन तुमी म्हनता मेलीय."

"सीट मेलीय म्हनालो."

"सीट कवा जित्ती होती?"

गुणाजीला पटलं, पण हातातलं काम अर्धवट ठेवणं त्याला जमत नसे. त्यानं सीट कापली. दोन ठिकाणी. मंजुळानं तुकडा उचलून दिव्याखाली धरला. आतलं लोखंड स्वच्छ, चकचकीत.

"दाखवा, कुठं हाय तडा?"

"दिसत नाय."

"मंग?"

"नसंलही. कापल्याबिगर कळत नाय, आन कापल्यावर कळून उपेग नाय."

दुसऱ्या दिवशी तो रंभाच्या दारात गेला. "वैनी, ते तसं नव्हता," एवढंच त्याला म्हणता आलं. रंभा तांदूळ निवडत होती. "तुमची सीट तुमाला लखलाभ," म्हणाली. "स्वतःला नको आन दुसऱ्यालाबी नको, अशी मानसं मी पैल्यांदा बघितली." आळीत तीच गोष्ट फिरली. पाण्यावर एकदोघांनी टोमणाही मारला: "काय गुणाजी, आज काय कापलंस?" तो चौथी खेप संपवून घरी गेला.

बाजारात रंभानं आपली टोपली उचलून कोपऱ्यापलीकडे नेली, आणि सकाळी मंजुळाला टोपली उचलून देणंही बंद केलं.

हे गुणाजीला कळलं ते एका रविवारी, घरी असताना. मंजुळा बाजाराला निघाली. टोपली ओट्याच्या कडेवर ठेवली होती. ती पाठमोरी उभी राहिली, गुडघे वाकवले, डोकं टोपलीखाली नेलं आणि एका हिसक्यात उठली. टोपली डोक्यावर आली, पण मान एका बाजूला गेली. क्षणभर ती भिंतीला हात लावून उभी राहिली.

गुणाजीनं आयुष्यभर ओझी पाहिली होती. कुठलं ओझं कुठे बसतं ते त्याला लांबून कळायचं. हिसका मानेवर गेला होता.

"अशी उचलतेस?"

"मंग कशी उचलू?"

"मना हाक मारायची."

"रोज अकराला तुमी आंबिवलीला असता. तिथं ऐकू जाईल का?"

दोराला झटका बसला तर दुसरा दोर आणता येतो. मंजुळाच्या मानेचं काय करायचं ते महिपतनं शिकवलं नव्हतं. रंभानं टोपली उचलून दिली पाहिजे, दुसरा इलाज नाही, आणि रंभाला समजावण्याइतके शब्द आपल्याकडे नाहीत, हेही त्याला माहीत होतं. शब्द नसतील तर काम करावं.

तोवर तो रोज संध्याकाळी नीलाला खांद्यावर बसवून आणायचा. पुढे दांडीवर किंवा मागे कॅरिअरवर बसवणं त्याला मान्य नव्हतं, पाय चाकाच्या तारांत जातो. वीस मिनिटांची वाट. नीला हातात फुटक्या पाटीचा मोठा तुकडा धरायची आणि घंटी नाही म्हणून तोंडानं "ट्रिंग ट्रिंग" करायची. घरी पोचेपर्यंत गुणाजीचा उजवा कान बधिर व्हायचा.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवायचे. बंद म्हणजे इतरांना. खलाशांना तेव्हा सगळ्यांत जास्त काम. सगळे पंप जागेवरून काढायचे, धुऊन-तपासून पुन्हा बसवायचे. अकरा दिवस दुहेरी पाळी. दुसरे खलाशी दोनचार दिवस करून थांबले. गुणाजीनं अकराही दिवस केले. पहाटे चार दहाला उठणं तेच, पाण्याच्या चार खेपा त्याच. हाताची कातडी दोन ठिकाणी निघाली, त्यावर त्यानं चिंधी बांधली.

ओव्हरटाइम हातात आला त्या दिवशी तो डोंबिवलीत हरिहरशेठच्या सायकलच्या दुकानात गेला.

"तशीच सीट पायजे. दोन."

"जुळी झाली का रे?"

"नाय. पन आधी तपासनार."

हरिहरशेठच्या दुकानात छताला एक हूक होता, त्याला सायकल टांगून दुरुस्त करायचे. गुणाजीनं तिथे सीट टांगली. शेजारच्या वाण्याकडून चाळीस किलोचं गव्हाचं पोतं मागून आणलं आणि सीटला बांधून सोडलं. वाणीही बघायला आला.

"पोरगी किती किलोची?" हरिहरशेठनं विचारलं.

"सोळा."

"मग चाळीस कशाला टांगतोस?"

"सोळा किलोची पोर पडताना सोळाची राहात नाय."

पहिली सीट टिकली. दुसरीचा एक जोड किंचित वाकला. गुणाजीनं ती परत दिली, तिसरी मागितली, तिलाही पोतं बांधलं. हरिहरशेठ म्हणाला, "तुझ्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मी दुकान विकून गहू विकेन." तरी वाकलेली सीट त्यानं माळ्यावर टाकायला घेतली. "तोडून टाक ती," गुणाजी म्हणाला, आणि तोडेपर्यंत उभा राहिला.

दोन्ही सीटा घेऊन तो घरी न जाता आधी रंभाच्या दारात गेला. दिवाळी म्हणून परशुराम घरी होता, ओट्यावर बसून सायकलच पुसत होता. गुणाजीनं एक सीट त्याच्यापुढे ठेवली.

"रतनला."

परशुराम सीट उलटीपालटी करून बघत म्हणाला, "तू जुनी कापलीस म्हनं. आमची बायको नाव घेत नाय तुजं. काय भानगड हाय?"

"गाडीचा झटका बसलेला तिला. मेलेली."

परशुराम थांबला. मग हसायला लागला. आत बघून म्हणाला, "अगं ए, आमच्या बोटीवरबी दोर मेला म्हनतात. झटका बसला का दोर मेला. तवा तो कापून टाकतात, नायतर दुसरा कोन वापरून बुडायचा. हा सीटला बोलला. रतनला नाय."

रंभा दारात आली. सीटकडे पाहिलं, गुणाजीच्या हाताच्या चिंध्यांकडे पाहिलं.

"दोराला मेला म्हनता, सीटला मेली म्हनता," ती म्हणाली. "जित्त्या मानसाशी दोन शब्द सरळ बोलायला तोंड नाय तुमाला."

"नाय," गुणाजी म्हणाला. खरंच होतं ते.

परशुरामानं रतनला सीटमध्ये बसवून पाहिलं. क्लॅम्प गुणाजीनं स्वतः आवळले, परशुरामाच्या हातून पाना काढून घेऊन.

दिवाळीनंतर शाळा उघडली. पहिल्या दिवशी साडेपाचला गुणाजी फाटकाशी होता. नीला नव्या सीटमध्ये बसली, कडं धरलं, घंटी वाजवली. अर्ध्या वाटेवर तिनं मागे न बघता सांगितलं,

"बाबा, आज रंभाकाकीनं आईला टोपली उचलून दिली."

"काय बोलली?"

"काय नाय. म्हनाली, वाक."

गुणाजीनं सायकल वह्या-पाट्यांच्या दुकानाकडे वळवली. अकरा दिवसांच्या दुहेरी पाळीतले थोडे पैसे उरले होते. त्यातून लाकडी चौकटीची पाटी घेतली, आणि अकरा दिवसांची कमाई तिथे संपली.