दूध उतू जाण्याच्या आत

रविवार सकाळ, कॉलनीच्या मारुतीसमोर. हजर: अध्यक्ष, खजिनदार, मागच्या भिंतीलगतच्या घरांचे मालक, सचिव म्हणून मी आणि निमंत्रण नसताना सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले आमचे भाऊजी. पातेलंभर दुधावर अख्ख्या शहराची परीक्षा घेणारा माणूस पृथ्वीवर हा एकच असावा.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मिरजगावचे, नागापूरच्या कारखान्यात टर्नर होते, आता निवृत्त. त्यांचं नगररचनेचं शास्त्र सोपं आहे. दूध गॅसवर ठेवायचं, साखर आणायला पायी निघायचं आणि उतू जायच्या आत परत यायचं. जमलं तर ती वस्ती. नाहीतर, "गोडाऊन हाय ते. मानसं ठिवायचं." कुणी फ्लॅट बघतंय असं कानावर आलं की भाऊजी पातेलं घेऊन हजर, मग ओळख असो वा नसो. दवाखान्याला मंद आच चालते, किराण्याला मोठीच हवी, असे पोटनियमही आहेत. ताईची निम्मी पातेली या संशोधनात करपली.

त्यांच्याच मुलाने पुण्यात बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला सुनेने रीतीप्रमाणे नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पाहतो तो भाऊजी गायब. ते साखर आणायला गेले होते! लिफ्ट, गेट, चौपदरी रस्ता, दुभाजक असं सगळं ओलांडून परतले तेव्हा पंगत उठत होती. दारातूनच ओरडले, "दूध?"

"गेलं की उतू, बाबा! छान झालं," सून आनंदाने म्हणाली.

"मग नापास. पवायचा तलाव हाय, कोथिंबीर न्हाई. लई मोठं शहर, पर कोथिंबिरीला मोटार काढावी लागती!"

भाऊजी-ताई आणि मी राहतो ती आमची कॉलनी मात्र कायम पहिल्या वर्गात पास. मागच्या बाजूने निघालं की भाजी, डेअरी, डॉक्टर, सगळं लागून. मग पलीकडच्या वसाहतीशी पाण्यावरून वाजलं आणि मध्ये भिंत उभी राहिली. आता हायवेवरून वळसा. ताईचे गुडघे हायवेपर्यंत पोचत नाहीत, म्हणून ती घरातच बसू लागली. भिंतीत फाटक करावं, हा भाऊजींचा अर्ज; त्यासाठीच ही सभा (अर्जदाराला बोलवायची आमच्याकडे रीत नाही).

"भाजी मोबाईलवर मागवा की," अध्यक्ष म्हणाले.

"भाजी येती वो सायेब. भाजीवाल्यापाशी उभ्या ऱ्हानाऱ्या बाया येत्यात का?"

"फाटकातून चोर शिरतील त्याचं काय?" खजिनदार.

"चोर गाडीवर येतो. वळशाचं दुखनं त्याला न्हाई, आमच्या घरात हाय."

फाटक व्हावं यावर एकमत झालं. आपल्या घराशेजारी नको, यावरही झालं. जागा पुढच्या सभेत ठरेल, असं मी लिहून घेतलं. तशा सभा पुष्कळ झाल्या.

भाऊजींनी नागापूरच्या जुन्या दोस्ताकडून फाटक करूनही आणलं. ते भिंतीला टेकवून ठेवलंय, हिरवा रंग, बिजागऱ्यांना तेल. संध्याकाळी ताईला धरून तिथवर आणतात, खुर्चीत बसवतात. पलीकडून तिची मैत्रीण विचारते, "काय केलं गं आज?"

"मेथी," ताई भिंतीला सांगते.

भाऊजी तोवर कडी काढून, लावून बघतात. कडी छान लागते. भिंत फोडायची तेवढी राहिली आहे.