बिलातला वगैरह

बिल कसं वाचावं हे मला व्यापाऱ्याने नाही, ब्रह्मा घाटावरच्या माझ्या शेजारच्या वेदपाठी गुरुजींनी शिकवलं. कुठलाही कागद ते मंत्रासारखा, शब्द सुटा करून वाचायचे. माझ्या बनारसी साड्या बांधून पुण्याला पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याचं बिलही त्यांनी त्याच्याच कचेरीत बसून तसंच वाचलं.

“भाडा. वगैरह.” मग त्याला विचारलं, “ई वगैरह का हौ, भैया?”

तो हसला. गुरुजी हसले नाहीत, बाकावर बसूनच राहिले. शेवटी वगैरहच्या पोटातून हमाली, गोणपाट आणि गोदामभाडं निघालं. गठ्ठा तर दिला त्याच दिवशी रवाना झाला होता! गोदामभाडं खोडलं गेलं.

मी खुशीत गुरुजींना घेऊन घरी आलो. मी गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं बिल त्यांनी उचललं.

“साडी. वाहतूक. वगैरे.” बोट थांबलं. “आणि हा तुमचा कोण?”

मी पेन उघडलं.