विहिरीवरचा स्लॅब

त्या परदेशी संस्थेनं माझ्या गावाला फसवलं, आणि गावाच्या वतीनं सही मी केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला बिचारा समजायला नको.

मी संत्र्याचा व्यापारी. काटोलच्या बसस्टँडवर टोपलीतून संत्री विकत होतो. आता झाडावरचं फळ पाहून अख्ख्या बागेचा सौदा करतो. घर नागपूरजवळ बेसाला आहे, पण गाव खाप्याकडचं. आई लवकर गेली. काकूनं वाढवलं, ती अजून गावातच राहते.

संस्थेच्या लोकांनी गावच्या विहिरीचं पाणी तपासलं आणि ते पिण्याजोगं नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. पोरांची पोटं सारखी बिघडायची. त्यांनी नवी बोअर मारली. तिचं पाणी खारं, म्हणून ते गोड करणारं यंत्र आणि चार नळ देऊ म्हणाले. अट एकच होती: लोक परत विहिरीकडे वळू नयेत म्हणून तिच्यावर पक्का स्लॅब टाकायचा.

बोलणी करायला मी बसलो. गावानं मला निवडलं नव्हतं. माझ्याकडे गाडी होती, मला साहेबांशी हिंदीत बोलता येत होतं. त्यांना तेवढं पुरलं. कागदावर मी ‘ग्रामस्थांचा प्रतिनिधी’ झालो, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी विहिरीवर गावातल्या बायांसमोर काकू म्हणाली, “स्लॅबले एक लोखंडी झाकण ठेवाले सांग गा. बाळंतीण विहीर पूजल्याशिवाय पाण्याले हात लावत नाही. झाकून टाकली तं पूजा कोठी करन?”

“नळ पूजा ना, काकू.”

“तुह्या टकल्याची पूजा करीन, थांब!”

बाया हसल्या, पण मागणी त्या सगळ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर झाकणाला तयार होईना. मी व्यापारीच. म्हटलं, झाकण सोडतो, पण नळ चारचे सहा करा. तो लगेच हो म्हणाला. समोरचा लगेच हो म्हणाला की आपला भाव चुकला, हे बागेत मला पटकन कळतं. त्या दिवशी कळलं नाही. उलट, गावाला दोन नळ जास्त मिळवून दिले म्हणून मी मिशीला पीळ देत घरी आलो.

दोन वर्षं पाणी चांगलं आलं, तेही सांगायला हवं. मग यंत्रातला पाणी गाळणारा पडदा चोंदला. तो इथं मिळत नाही, संस्थाच बाहेरून मागवते. फोन कुणी उचलेना, म्हणून मी नागपुरातल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथला तरुण अधिकारी फार नम्र होता.

“काका, तो प्रकल्प संपला. यंत्र आम्ही गावाकडे सोपवलंय. ही बघा, तुमचीच सही.”

त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. फोटोत नळाखाली हंडा धरून हसणारी माझी काकू. “तुमचं गाव आमच्या यशस्वी गावांमध्ये आहे.”

मी टेबलावर हात आपटला. “यशस्वी? ती म्हातारी आता शेतातल्या विहिरीवरून हंडे वाहून राहिली!”

तो घाबरला. हळूच म्हणाला, “निर्णय तिकडे परदेशात, मुख्य ऑफिसात होतात, काका. माझ्या हातात काही नाही.”

तिकडे पत्र लिहिलं. आभार मानणारं उत्तर आलं. संस्थेचा भर आता दुसऱ्या कामावर आहे, असं त्यात होतं.

शेवटी आम्ही स्लॅब फोडला. झाकणाची जागा असती तर फोडावा लागला नसता. मोठा तुकडा आत कोसळला, बांधकामाचे दगड घेऊन गेला. खालच्या पाण्याला असा वास येतो की जनावरंही तोंड लावत नाहीत.

काकू मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती कठड्याशी उभी राहून एवढंच म्हणाली, “सरपंचानं असं केलं असतं तं पुढच्या खेपी पाडलं असतं त्याले. ह्याइले कसं पाडाचं गा?”

माझ्या सहीचा जाब ती मला केव्हाही विचारू शकते. तिच्या घरी जेवायला बसतो तेव्हा मान खाली असते माझी. पण जिथं बसून हे गाव प्रकल्पात घ्यायचं ठरलं आणि सोडायचंही ठरलं, तिथल्या कुणाची मान खाली आहे? संस्थेच्या साहेबांनो, तुम्ही वाईट माणसं आहात असं मी म्हणत नाही. तुमच्यातला एक माणूस इकडे पाठवा. नम्र पोरगा नको, ज्यानं ठरवलं तोच हवा. त्यानं या बायांसमोर बसावं आणि सांगावं, त्यांची विहीर बंद करायचा हक्क त्याला कुणी दिला?