विरजणाच्या अटी

आमचे शेजारी मुंबईत पेटंटचे अर्ज लिहितात. मांडव्याहून सकाळच्या बोटीने जातात आणि दिवेलागणीला परततात. कशाचंही बोलणं असो, मुद्दे बोटांवर मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कुंपणावरून नारळ द्यायचा तरी "एक, सोलून घ्या. दोन, करवंटी परत करा," असं चालतं.

एकदा बोटीत मी विचारलं, "जिवंत गोष्टीचं पेटंट कसं हो मिळतं?"

ते खुलले. "जागतिक व्यापाराचा करार आहे ना, सर! झाडं-जनावरं वगळायची मुभा आहे. सूक्ष्म जीव मात्र वगळता येत नाहीत. एक, जसा सापडला तसा चालत नाही. दोन, माणसाने त्यात बदल केला की तो शोध झाला."

"आणि ज्याच्याकडे सापडला तो?"

"त्याच्यासाठी अर्जात रकाना असतो," ते प्रेमाने म्हणाले.

मे महिन्यात त्यांचं दही बिघडलं, तेव्हा हिने त्यांना वाटीभर विरजण दिलं. आईच्या हयातीपासून आमच्याकडे तेच चालत आलेलं. पुढे आम्ही आठ दिवस पुण्याला गेलो आणि आमचंच विरजण नासलं. मी वाटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

त्यांनी काठोकाठ भरून दिली. मग बोट वर केलं.

"एक, घरापुरतंच वापरा. दोन, पुढे कुणाला देऊ नका. आम्ही म्हशीच्या दुधात लावतो, त्यामुळे आता ते पूर्वीचं राहिलेलं नाही."

मी दोन्ही अटी मान्य केल्या आणि आमचं विरजण घरी घेऊन आलो.