किलकेनीत दोन बाबा हरवतात, आणि माझा कन्फ्यूशियसही

टाळेबंदीत लोक घरी ब्रेड भाजायला शिकले. मी कन्फ्यूशियस वाचला. आयर्लंडमधल्या शॅननच्या कारखान्यात दिवसभर हृदयात बसवायचे स्टेंट तपासून घरी आलं की "हे सगळं कशासाठी?" असा प्रश्न पडायचा. पुस्तकात उत्तर सापडलं : वडीलधाऱ्यांची सेवा. वडील तर घरातच होते! कराडहून एनिसला माझ्याकडे आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. मग मी त्यांना शेगडीजवळ जाऊ दिलं नाही, कचऱ्याची पिशवीही उचलू दिली नाही.

२०२१च्या उन्हाळ्यात बाबा म्हणाले, "माझं तिकीट काढ."

मी हबकले. सेवेत काय कमी पडलं? मन रमावं म्हणून किलकेनीची सहल ठरवली. बरोबर सहकारी लिन आणि तिचे वडील. तेही चीनहून येऊन अडकलेले, निवृत्त शाळामास्तर. दोघा बाबांचं इंग्रजी गुड मॉर्निंगपुरतं.

लिमरिकपर्यंत मोटरवे झकास. पुढे टिपररीतल्या आतल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे रांगायची तयारी ठेवा. किलकेनीत गाडी नदीपलीकडे लावा; किल्ल्यामागची बाग फुकट आहे, डबा तिथेच खा.

किल्ल्याच्या दारात बाबा मास्तरांना म्हणाले, "आधी तुम्ही." मास्तरांनी वाकून बाबांना पुढे व्हायची खूण केली. मागे रांग तुंबली. दारावरची बाई हसून म्हणाली, "जा रे पोरांनो आत, यू आर ग्रँड!" म्हणजे इथल्या बोलीत 'काही बिघडलं नाही'. तिने 'पोरं' म्हटल्याचं मी सांगितलं आणि सत्तरीतले बाबा दिवसभर छाती पुढे काढून फिरले.

आम्ही दोघी कॉफी आणायला गेलो आणि परत येतो तर दोघेही गायब. लिन चर्चमध्ये शोधून आली, मी गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी सापडले ते नदीकाठच्या पबबाहेर. पुढ्यात काळी बिअर, एकमेकांना नातवंडांचे फोटो दाखवत खिदळताहेत.

"बाबा! तुमचं ब्लडप्रेशर!"

"बस खाली," बाबा म्हणाले. "मास्तरांनाही घरात कुणी काही करू देत नाही. खुणांनी सांगितलं त्यांनी. अगं, इतके दिवस मला एक काम सांगितलं नाहीस. तुझ्या पुस्तकातला बाप काय नुसता बसून असतो?"

पुस्तकात नात्याला दोन टोकं होती : मुलांनी सेवा करावी, आणि बापानेही बापाचं काम करावं. मी एकच पाठ केलं होतं.

"मग परत जाताना रस्ता तुम्ही सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितला. एका शेताच्या फाटकापाशी रस्ता संपला. गायी आमच्याकडे बघत राहिल्या. बाबा एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

घरी आल्यावर भीतभीत विचारलं, "उद्या माझा आणि लिनचा डबा कराल?" पिठलं खारट झालं होतं. आम्ही दोघींनी चाटूनपुसून खाल्लं. जगण्याचा अर्थ वगैरे अजून नीटसा कळलेला नाही, पण संध्याकाळी तो प्रश्न पडायला फुरसत मिळत नाही; बाबा मला भाजी आणायला पिटाळतात.

आठवड्याने मीच विचारलं, "बाबा, तिकिटाचं काय करू?"

कांदा चिरता चिरता ते म्हणाले, "थांब गं, मला आत्ता वेळ कुठाय?"